बुधवारच उरतो

सोमवारी सुगंधाचा महादेव.
मंगळवारी माझ्या घरचा मारोती.
गुरुवारी गजानन महाराज, तिथं तर विषयच नाही.
शुक्रवारी नझीरला लवकर घरी जायचं असतं,
शनिवारी अख्खं नागपूर बाहेर,
टेबल मिळेस्तोवर भूक मरते.
ज्ञानदीपला सातही दिवस मोकळे.
"तुमच्या देवांपायी माझ्या पोटाचे हाल," म्हणतो.
रश्श्यात पळी फिरवून
शेवटी एक तुकडा लागावा
तसा हाती लागतो बुधवार.

लॉ कॉलेज चौक, साडेसात,
मे महिना.
चपलेच्या तळातून डांबर अजून बोलतं.
चार गाड्या, पाच माणसं,
खेमराज नझीरच्या मागे बसून आला,
गाडी सर्व्हिसिंगला दिली म्हणे.

"सांगा बे, कुठं जाऊन राहिलो आपण?"

धरमपेठेत नवीन निघालंय, सुगंधा म्हणाली,
छतावरचं,
कुंड्यांतल्या झाडांना दिवे,
वरून सगळं शहर दिसतं.
"शहर पाहाले पैसे काहून द्यायचे?
दिवसभर पाहूनच राहिलो ना फुकटात."
मग सदरमधला जुना बार :
तिथला वेटर इतका हळू बोलतो
की आपलीच काही चूक झाली असं वाटतं.
रामदासपेठेत
भेंडीला असं नाव ठेवलंय कार्डावर
की भेंडीनं ओ देऊ नये.
वर्धा रोडला परतताना पोलीस फुंकायला लावतात.

खेमराज सीटची उसवलेली शिवण
नखानं आणखी उसवत होता.
"माझं काही नाही. जिथं म्हणाल तिथं."

हे वाक्य त्याचं नव्हे.
सांबारवडी कुणाची, तर्री कुणाची,
यावर वीस वर्षं भांडलेला माणूस,
लिंबू सुकलेलं निघालं म्हणून
एकदा भरल्या ताटावरून उठलेला.
मार्चमध्ये बुटीबोरीच्या कंपनीनं
त्याचं गेटचं कार्ड परत घेतलं.
आम्हाला माहीत होतं.
आम्हाला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.
किंवा असेल.

मग सुगंधालाच एकाएकी आठवलं,
छतावर डास फार असतात.
मे महिन्यात, कोरड्या फटफटीत हवेत, डास.
कुणी काही विचारलं नाही.
नझीर म्हणाला, एसीनं त्याचा घसा धरतो.
कूलरची एजन्सी आहे त्याची,
तेव्हा निदान त्याच्या तोंडी शोभलं.
मी म्हणालो, मला आज जमिनीवरचंच काहीतरी हवं.
ज्ञानदीपनं गाडी आधीच वळवली होती
गोळीबार चौकाकडे.

आधी शेजारच्या बारमध्ये एकेक बियर,
उभ्याउभ्या, शेंगदाणे फुकट.
मग निमजे सावजी :
मागच्या वर्षाचं कॅलेंडर,
वाळ्याचा वास मारणारा कूलर,
एक पाय आखूड असलेलं आमचं टेबल.
नझीरला पाटोडी रस्सा, तो मटण इथं खात नाही,
वेटर आता विचारतही नाही.

तिसऱ्या घासाला खेमराजचं नाक वाहू लागलं,
मग डोळे.
सावजीची ही एक सोय आहे,
कुणाचे डोळे कशानं भरले
हे टेबलावर विचारत नाहीत.
आम्ही भाकरी मोडत राहिलो.

बाही डोळ्यांवरून फिरवून तो म्हणाला,
"खसखस कमी पडली बे मसाल्यात."
वेटरला हाक मारली.
"आणि हे लिंबू? हे लिंबू हाय का?"

सुगंधानं खाली मान घालून
कांदा उगाच दोनदा पिळला.

हिशेब वेटरनं तोंडीच केला, अकराशे चाळीस.
खेमराजचा हात खिशात आधी गेला.
दोन पाचशेच्या, एक शंभराची, दोन विसाच्या,
मोजून, सरळ करून, बडीशेपेच्या ताटलीत.
नझीरचा हात पाकिटापर्यंत गेला होता,
तिथंच थांबला,
आणि मांडी खाजवून परत आला.
देऊ दिलं आम्ही त्याला.

बाहेर पान लावून घेताना तो म्हणाला,
"इथला हात बिघडला आता.
पुढच्या बुधवारी पाचपावलीत जाऊ."
"पाचपावलीत? हट् बे," ज्ञानदीप म्हणाला,
आणि रात्री साडेदहाला,
गाड्या स्टॅण्डवरून काढायच्या सोडून,
पुन्हा जुंपली.