एक खांब कमी

नव्वद मीटर नदी.
आधीच्या कागदावर तीस, तीस, तीस,
पात्रात दोन खांब.
बेहेरे सरांनी पेन्सिलीने दोन्ही खोडले
आणि मधोमध एकच काढला.
म्हणाले, जलपर्णी बघितलीस ना मांजरीकडे?
खांब दिसला की गोधडीसारखी गुंडाळून बसते.
बघ जमतंय का.

बघ जमतंय का, म्हणजे
लांबी दीडपट केली की वाकणं सव्वादोनपट.
इथे घासाघीस चालत नाही.
शिवाय गर्डरला पहिलं ओझं स्वतःचंच असतं,
डंपर, बस, उसाच्या ट्रॉल्या नंतर.
उंची वाढवावी तर वजन वाढतं,
वजन वाढलं की पुन्हा उंची.
एरंडवण्यातल्या ऑफिसात, खडखडत्या पंख्याखाली
मी तीन आठवडे मिलिमीटर चोरत होते.

काँक्रीटला कितीही दाबा, हूं की चूं करत नाही.
ओढलं की चिरतं.
म्हणून उद्या जिथे ते फाटायला बघणार
तिथूनच तारा ओवायच्या
आणि ओझं यायच्या आत ताणून, आवळून ठेवायचं.
तारांनाही सगळं लक्षात राहत नाही.
काँक्रीट आकसतं, वर्षानुवर्षं दबत राहतं,
पोलाद सैलावतं.
शंभरातले वीस जाणार, हे आजच मांडायचं
आणि उरलेल्या ऐंशीवर पूल उभा करायचा.
कॉलेजात हे मी नुसतं पाठ केलं होतं.

वाघोलीच्या यार्डात बशीर मुलाणी जॅकवर.
तार किती लांबली ते ओरडून सांगतो,
दोनशे ऐंशी, नव्वद, तीनशे दोन.
माझा हिशोब दोनशे अठ्ठ्याण्णव.
"चार जास्ती, मॅडम. चालंल?"
चालेल.
शेवटची केबल झाली तसा तो मधोमध गुडघ्यावर बसला,
गर्डरखाली बायंडिंगची तार सारली.
ती पलीकडे निघाली.
शंभर टनांनी पाठ उचलली होती,
बेचाळीस मिलिमीटर.
बशीर म्हणाला, हात लावा, वारा येतोय.
येत होता.

इथवर सगळं पुस्तकात आहे.
पुस्तकात नव्हता तो चौक.
रात्री दोनला ट्रेलर वळेना,
ढोबळे ड्रायव्हर तीनदा मागे, तीनदा पुढे.
आडवा येत होता शेवंताबाई गव्हाणेंच्या टपरीचा पत्रा.
त्या शाल लपेटून उभ्याच.
"काढा की. पण लिहून द्या."
मी ड्रॉइंगच्या पाठीवर लिहिलं:
पत्रा एक, खराब झाल्यास नवा. सही, हुद्दा, तारीख.
पत्रा वाचला.
सतरा चहांचे पैसे मात्र त्यांनी मोजून घेतले
आणि तो कागदही परत दिला नाही.
त्याच्या पुढच्या बाजूला माझे सगळे आकडे आहेत.

आता पुलावरून बस जाते.
मी कधीकधी मागच्या दाराशी उभी राहते.
पुलावर चढताना सांध्यावर एक टक.
मधल्या खांबावर एक.
उतरताना एक.
चौथा येत नाही.
शेजारची बाई फोनवर कुणाला तरी रागावत असते,
तिचं वाक्य अख्खं पार होतं.
खाली जलपर्णी, तिला अडायला एकच जागा.
मी मनातल्या मनात वजाबाकी करते:
दुसरं वर्ष चालू आहे.
अजून सगळे वीस गेले नसतील.