समुद्रसपाटीखाली

कुट्टनाडात भात समुद्राच्या खाली पिकतं.
बांधावर उभं राहिलं
की होडी खांद्याच्या उंचीवरून जाते, शेत पायाशी खोल.
उपसा थांबला तर आठवड्यात सगळं पुन्हा तळं.

औसेफनं चाळीस वर्षं तेवढंच केलं,
आत आलेलं पाणी बाहेर फेकणं.
यंदा तुलाम महिन्यात, पंप सुरू झाले त्याच आठवड्यात
तो आमच्या पडवीत आला
शब्दाशब्दाला थांबत.
पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा
आणि भरून यायला विसरायचा.
"आडवं झालं की बुडतो," म्हणाला.

अच्छननं मनगटावर तीन बोटं ठेवली.
तर्जनीखाली साप, मधल्या बोटाखाली बेडूक,
अनामिकेखाली हंस.
लहानपणी मी हे पाठ केलेलं,
आणि एवढ्याशा मनगटात ते एकमेकांना
खात कसे नाहीत, याची काळजीही केलेली.
अच्छन बराच वेळ गप्प.
मग, "लावा पक्षी. दोनदा टुणकन, की थांबतोय.
दृश्या, ह्याला तुझ्याकडे ने."
अर्जुनाच्या सालीचा काढा चुलीवर होता,
तो त्यानं उतरवून ठेवला.

सकाळच्या सरकारी बोटीनं आलप्पुळा.
माझी अंधारी खोली, जेली, पडदा.
कोपऱ्यात मुंडू सावरत कोच्चुरामन वैद्यर,
म्हणजे अच्छन, पाहुण्यासारखा.
रस तीन चालींनी जातो, तो शिकवायचा,
आडवा आवाजासारखा, वर ज्योतीसारखा, खाली पाण्यासारखा.
कॉलेजात असताना मी हसायचे.
आता डॉपलर लावला,
माझ्याकडे येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं,
आणि दिसत होतं ते सगळं आवाजानंच.
मी काही बोलले नाही. तोही.

औसेफनं विचारलं, "मोटर कितीवर चाललीय?"
"शंभरातलं तीस फेकतेय."
"मग व्हॉल्व्ह गळतोय कुठेतरी."
खरंच गळत होता.

अच्छन पडद्याशी गेला, नाक टेकेल इतका.
"हेच ते उलटं कमळ?
जागेपणी उमलतं, झोपेत मिटतं?"
"झोपेची वाट बघत नाही ते.
मिनिटाला एकशेदहा वेळा मिटतंय, उमलतंय."
ओठ हलवत त्यानं मोजून पाहिलं.
"म्हणजे डुलक्या काढतं," म्हणाला,
"वल्ह्यावर दमलेला माणूस काढतो तशा.
ह्याच्या डुलक्या आखूड झाल्यात."

रिपोर्टात ह्याला रकाना नाही.
औसेफला ठेवून घेतलं. मीठ बंद, पाणी मोजून.
अच्छन एकटाच परतला.

रात्री त्याचा फोन, बांधावरून.
"औसेफचा जोमोन सकाळपासून मोटर पळवतोय.
म्हटलं, जरा बंद कर, तापलीय."
मागे घरघर चालू होती, मग खालावली,
थांबली.
आणि बेडूक, शेतभर.