एकोणीस पायऱ्या

सातपूरच्या श्रमिकनगरात, खैरनारांच्या गिरणीवर
आमची खोली.
दर रविवारी चारला मी भिंतीवर कागद लावते,
जाड अक्षरांत : इथे सगळ्यांचं स्वागत आहे.
चिकटपट्टी दर वेळी सुटते.
पिठाची भिंत काही धरून ठेवत नाही.

पोरं येतात अठरा-वीस.
वडाळ्याहून सीबीएसला बस बदलून मुझम्मिल,
अंबडची रात्रपाळी डोळ्यांत घेऊन छपऱ्याचा धरमिंदर,
हरसूलकडची सोमी भोये, जी तीन महिने नुसती हसली,
आणि ऋतू, जिने...
नाही, थांबा. ऋतूनं
फॉर्मवर ‘मुलगा / मुलगी’पुढची चौकट
इतकी कोरी ठेवली
की माझंच काही लिहायचं राहिलं असं वाटलं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
गोल करून बसवा, गोलाला कोपरा नसतो.
मी बसवायची.
आणि बघत राहायची त्या गोलाकडे,
तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीकडे बघावं तशी.

पाचव्या की सहाव्या रविवारी
मुझम्मिलची चप्पल घरंगळली, म्हणून खाली उतरले.
जिन्याखाली दळणाच्या डब्यांची रांग.
रांगेत एक खुर्ची, चाकांची.
मांडीवर वही.
“प्रज्वल निकाळे,” तो म्हणाला,
जणू मी हजेरी घेत होते.
“आज आवाज कमी येत होता, ताई.
मागच्या वेळचं, भीतीवरचं, सगळं आलंय.”

खरंच आलं होतं. तारखेसकट माझं वाक्य :
कुणी बाहेर राहिलं तर ते आपल्याला कळलं पाहिजे.
खाली रेघ.
रेघेखाली, बारीक अक्षरात :
पायऱ्या १९. (भावाकडून मोजून घेतल्या.)

पुढच्या रविवारी सगळे जिन्यातच बसलो, वरपासून खालपर्यंत.
धरमिंदर म्हणाला, चार जने हैं, उठा लेंगे.
“मी काय दळणाचा डबा आहे?” प्रज्वल म्हणाला.
हशा पिकला. लगेच विझलाही.
मग मी बोलत सुटले :
उतार करून घेऊ, अर्ज देऊ, देणगीदार बघू,
पुढच्या आर्थिक वर्षात...

तेव्हा सोमी बोलली.
आधी तिच्या कोकणीत, भिंतीकडे बघून.
मग आमच्यासाठी, सावकाश :
“आमच्याकडं शिडी असते.
ती माळ्यावर जाते.
माळ्यावर नागली राहते.
माणसं खालीच बसतात.”

आता आम्ही गिरणीच्या पडवीत बसतो.
काकांचं दळण सहापर्यंत चालतं, पट्टा फटफटतो,
बाजरी आली की वाक्य अर्ध्यावर सोडून
थांबावं लागतं, तोंड उघडंच ठेवून.
ज्यांना घाई होती असे दोघं यायचे बंद झाले.
एकाच्या वडिलांनी फोनवर विचारलं,
नक्की कोणकोण येतं तुमच्याकडे?
मी नावं सांगितली. त्यांनी ठेवून दिला.
डबे घेऊन आलेल्या बाया ऋतूकडे टक लावून बघतात.
ऋतूची नजर हल्ली खाली जात नाही.
कधीकधी जाते.

गोलही नीट होत नाही. मधे खांब आहे.
कुणी ना कुणी त्याच्याआड जातंच,
मग वाकून, नाव घेऊन हाक मारावी लागते.
कागद वरच्या खोलीत पडलाय कुठेतरी.

पीठ सगळ्यांवर सारखंच बसतं,
असं म्हणून मी परवा समारोप करत होते.
“खोटं आहे, ताई,” प्रज्वल म्हणाला.
“चाकांच्या ताऱ्यांमध्ये जास्त अडकतं.”

मी फडकं शोधायला उठले.
“द्या इकडे,” तो म्हणाला,
“पुसता येतं मला.
तुम्ही पुढचं बोला.”