वडील

मंडळीत मी वडील आहे, तीन वर्षांपासून.
दानाची पिशवी फिरवतो, प्रभुभोजनाचे पेले मोजतो,
कुणाकडे आजारपण असलं की
पाळकसाहेबांना स्कूटरवर घेऊन जातो.
घरात तर वडील आहेच. चौदा वर्षांपासून.

रविवारी सामना सातला, उपासना साडेनऊला.
सुहासिनीने आधीच ठरवून टाकलं होतं,
"खेळून ये. पण बसायचं आपल्याच बाकावर."
म्हणून केझियाच्या किटबॅगेत
शिनगार्डखाली घडी केलेला निळा फ्रॉक,
डब्यात दोन उकडलेली अंडी,
आणि एक इमूचं, तो खेळत नसला तरी.

खडकीचं मैदान. लाल माती, चुन्याच्या रेघा,
पलीकडे रेल्वेची भिंत.
सामन्याआधी आम्ही चौघं स्कूटरपाशी डोळे मिटतो.
जिंकू दे, असं सुहासिनी कधीच म्हणत नाही.
म्हणते, कुणाला लागू नये, प्रभू. त्या मुलींनाही.
मी आमेन म्हणतो.
मनात पुढचं एक वाक्य माझं असतं.

शेवटची चार मिनिटं. शून्य-शून्य.
घोळक्यातून चेंडू तिच्याकडे आला,
तिने वळवला, मारला, फळी वाजली.
मुदलियार सरांची शिट्टी. गोल!
मी कुठे होतो ठाऊक नाही, बहुधा हवेत.
खाली आलो तेव्हा
ती पंचांसमोर उभी, दातांचं गार्ड हातात,
स्वतःच्या बुटाकडे बोट दाखवत.
"सर, आधी पायाला लागला."

सर थांबले. हात फिरवला. गोल नाही.

आणि एक माणूस ओरडला,
"गप्प बस ना! तुला कुणी विचारलं?"
मग पंचांना काहीतरी, जे इथे लिहीत नाही.
मैदान वळून बघायला लागलं.
इमूने माझा हात सोडला.
त्यावरून कळलं मला, तो माणूस कोण.

शूटआउटमध्ये हरलो.
बोपोडीच्या सिग्नलला ती मागून म्हणाली,
"पण पप्पा, मला कळलं होतं ना लागलेलं.
मग मी काय करणार?"
सिग्नल सुटला. मी गाडी काढली.

शास्त्रपाठ त्या दिवशी माझ्याकडे होता.
वाचला. जोडाक्षरं न गिळता.
आमच्या बाकाखाली लाल माती सांडलेली;
झाडणारे दिनकरकाका नंतर कुरकुरले,
"एवढं शेत कुठून आणता?"
निळ्या फ्रॉकखाली तिचे मोजे तसेच, गुडघ्यापर्यंत.
कबुलीच्या प्रार्थनेत सगळी मंडळी
एका सुरात म्हणते, आम्ही.
आम्ही म्हणणं सोपं.
आम्ही केवढं मोठं असतं, एक माणूस आत सहज लपतो.

बुधवारी पहिली पाळी सुटल्यावर मैदानावर गेलो.
मुदलियार सर शंकू मांडत होते.
"सर, रविवारी मी जे बोललो..."
त्यांनी चष्मा वर केला. "आपण कोण?"
वडील म्हणायला जीभ वळेना.
"सात नंबरचा बाप," म्हटलं.
"हां, ती. पायाला लागलेली."
आणखी एक शंकू ठेवला.
"मनगट कच्चं आहे तिचं. रिव्हर्स मारायला सांगा.
रोज शंभर, भिंतीवर."
माफ केलं की नाही, ते बोललेच नाहीत.

आता रोज संध्याकाळी जिन्याखालची भिंत वाजते.
तळमजल्यावरच्या बाई दोनदा येऊन गेल्या.
इमू मोजतो. मी चेंडू आणून देतो.
काल त्याने चुकलेला एक धरला. एकसष्ट.
"तो नको धरू," ती म्हणाली.
मी काही बोललो नाही.
चेंडू गटारापाशी गेला होता, आणायला गेलो.