बरगे

दसऱ्यानंतर पंचगंगा उतरली
की बावड्याच्या बंधाऱ्यावर आम्ही बरगे घालतो.
दगडी खांबांच्या खाचेत एकावर एक फळी,
दोन ओळींत, मध्ये चिखल ठासून.
किती अडवायचं, किती सोडायचं
हे आमच्या हातात.
निदान कमरेइतक्या पाण्यात उभं असताना तसं वाटतं.

त्या साली घरी पाच आठवड्यांची लेक,
बारसंही व्हायचं होतं,
प्यायलेलं दूध हातभर लांब फेकायची.
ओघळायचं नाही, उडायचं.
भिंतीवर, पाटबंधारे खात्याच्या कॅलेंडरवर.
आणि लगेच तोंड उघडून पुन्हा भुकेली.
वैजयंता म्हणाली, “मी पाजलो की टाकतीया.
पोटात थेंब ऱ्हाईना बघा.”
सासूबाईंनी दृष्ट काढली.
मिरच्यांचा असा ठसका उठला की शेजारी खोकले,
म्हणजे दृष्ट नव्हतीच. निदान तेवढी तपासणी बरोबर झाली.

सीपीआरमध्ये नेसरीकर मॅडमनी एकच विचारलं,
“उलटी पांढरी की हिरवी?”
पांढरी. फाटलेलं दूध.
“म्हणजे पित्त मिसळतं तिथवर पोचतच नाही.
दार अलीकडेच बंद आहे.”
मग तिला पाजायला सांगून
बरगडीखाली, जरा उजवीकडं, दोन बोटं टेकवून
त्या बराच वेळ गप्प बसल्या.
माझं बोट धरलं आणि तिथं ठेवलं.
सुपारी.
कातडीखाली सरकणारी एक कच्ची सुपारी.

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी पखाल काढली.
पखालीच्या तोंडाशी बांगडीएवढं कडं.
“जठर संपतं, आतडं सुरू होतं, तिथला हा गोल स्नायू.
खालून लाट येते, घास घुसळते,
तोंडाशी आणून आपटते, परत मागं ढकलते.
मोहरीहून बारीक झालं तेवढंच पलीकडं जातं,
तेही चूळभर. पाणी सुटतं लवकर,
तुपाला ताटकळावं लागतं.”
मी म्हटलं, मटण खाऊन पाटावरून उठवत नाही, ते ह्यामुळं?
त्या हसल्या नाहीत. “ह्यामुळंच.”

“आणि ठरवतं कोण? दारच?”
“नाही. पलीकडची पहिली वीतभर आतडी.
आंबट फार आलं, चरबी फार आली,
की मागं निरोप जातो, थांब.”
हे मला कळलं. शिरोळकडून फोन येतो आम्हाला,
दोन फळ्या काढा, नाहीतर नको, राहू द्या.

हिच्या दाराचा स्नायू मात्र जाड होत गेला होता,
निरोप येवो न येवो.
कुणाच्या चुकीनं? कुणाच्याच नाही.
वैजयंतानं हे तीनदा विचारलं,
तीनदा तेच ऐकलं, मग बाकावर बसली.

आधी दोन दिवस सलाईन.
ओकून गेलेलं मीठ भरल्याशिवाय कात्री नाही.
दार काढायचं नव्हतं, नवं बसवायचं नव्हतं,
फक्त वरचा जाड थर उभा चिरायचा,
आतल्या अस्तराला ओरखडा न लावता.
“पापुद्रा फुगून वर आला की समजायचं, सुटलं.”
मी बाहेर उभा. नखांत बंधाऱ्याचा चिखल.
आयुष्यभर फळ्या ठोकून बसवल्या, हलक्या हातानं
कधी काही उघडलं होतं का, आठवत राहिलो.

संध्याकाळी दोन चमचे दूध.
वैजयंतानं टॉवेल पसरून धरला, सवयीनं.
पाच मिनिटं. दहा.
टॉवेल कोरडा.
तिनं तो घडी घातला, उलगडला, पुन्हा घडी घातला.

आता ती आठवीत आहे.
पोटावर बोटभर पांढरी रेघ.
रविवारी ताटावर बसली की कधी विचारते,
“कुठं हुती सुपारी?”
मी दोन बोटं टेकवतो. मऊ. ऊन.
खाली काहीतरी हळूच सरकतं,
मला न विचारता.
“काय लागतंय का?”
काही नाही, म्हणतो.
“मग हात काढा की, पांढरा रस्सा वाढा.”