फ्लोट

नाना पेठेत गल्लीच्या तोंडाशी
चौसष्टची एमजी खोकतेय.
काळा धूर, पेट्रोलचा वास पार गिरणीपर्यंत.
दस्तगीर मिस्त्री प्लग काढतात,
चारही काजळलेले.
“खातेय फार. जळत नाही.”

चोक मोकळा. जेट दोनदा खालीवर केला,
तरी अडखळते.
मी कॉइलला दोष देऊन पाहतो.
ते ऐकत नाहीत;
वाटीतला पितळी फ्लोट काढून
कानाशी हलवतात,
मंडईत नारळ निवडावा तसा.
मग माझ्या कानाशी.
आत खळखळ.

ज्यानं तरंगून पेट्रोलला ‘बास’ म्हणायचं
तोच पिऊन बसलाय.

टपरीवरून उकळतं पाणी येतं. फ्लोट बुडवतात.
सांध्यातून बुडबुड्यांची एक बारीक दोरी.
“हे बघ, टाचणीएवढं.
तुझे वडील सहा वर्षं टायमिंग लावत होते.”