उधारीची वही

म्हापशाच्या त्या खोलीत दर मंगळवारी
आम्ही नऊ जण बिनदुधाचा चहा घेऊन बसतो.
मीनाक्षीबाईंनी दोनशे पानी वही दिली,
म्हणाल्या, कुणाकुणाचं देणं आहे, लिहून काढ.
मला वाटलं, पैसे.

म्हणून आधी रुजार पोदेर. दोनशे दहा रुपये,
आईच्या नावावर खाल्लेल्या उंड्यांचे.
मग शॅकवाला शाणू, ज्याचा स्पीकर मी लाथेनं फोडला
आणि वर म्हणालो, सूर लागत नव्हता.
सुलभाताई. एक पाटली.
शुक्रवारच्या बाजारात माझी गिटार घेणारा न्हावी,
त्याचं खरं तर काही नाही,
त्यानं ती पाच तारांवर का होईना, सांभाळली.

सहा वर्षं पर्यटकांना हवी तीच अकरा गाणी वाजवली.
लोक समजतात, पावडर गाणी सुचवते.
माझ्याकडून तिनं एक ओळ लिहून घेतली नाही,
फक्त सह्या.

वही घेऊन चोडणच्या फेरीत बसलो होतो.
खाली इंजिन धडधडत होतं,
रुजार, शाणू, सुलभा, रुजार,
नावं आपोआप ठेक्यात बसायला लागली.
चोडण आलं. उतरलो नाही.
पुन्हा रायबंदर, पुन्हा चोडण,
चालत येणाऱ्याला तिकीट नाही, हे एक बरं.
तिसऱ्या खेपेला खलाशी म्हणाला, बाबा, तुला जायचंय कुठं?
तोवर कडवं झालं होतं.
अक्षर वेडंवाकडं. हात आता थरथरत नाहीत.
थरथरतात. कमी.

शेवटच्या पानावर आग्नेल.
त्याच्यापुढे आकडा नाही.
एकाच पुडीतून घेतलं दोघांनी,
सकाळ माझी एकट्याची झाली.
त्याच्या नावाला यमक सापडत नाही.
सापडतं, खरं तर. वापरत नाही.
तिथं चार मात्रा मोकळ्या सोडतो,
त्याचा बेस तिथंच यायचा.

गाणं अजून कुणाला ऐकवलेलं नाही.

काल पहाटे दोनशे दहा रुपये घेऊन
फाटकाशी उभा राहिलो.
रुजारनं सायकल थांबवली, नोटा मोजल्या,
दहाची परत दिली, हातावर एक गरम उंडो ठेवला
आणि पों पों करत वळणाआड गेला.

आतून आई विचारत होती, कोण आयलो रे?
तोंडात पाव होता.
सांगता आलं नाही.